वाइनरीत आवडलेली रेड वाइन घरी तुरट का लागते? गेटपासून ग्लासापर्यंतचे टप्पे

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी तोच फोन येतो. "अहो, तिथे चाखली तेव्हा मस्त होती. घरी उघडली तर नुसती तुरट आणि घशाला जाळणारी. त्यांनी चाखायला एक दिली आणि विकताना दुसरी दिली का?"

बाटली कुणीही बदललेली नसते. वाइनरीचं गेट आणि तुमचा ग्लास यांच्या मध्ये गाडीची डिकी, घराचा माळा आणि 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असते' हा मंत्र येतो. या तिघांपुढे चांगली वाइनही टिकत नाही. त्यात भर म्हणजे उघडणं, हवा देणं आणि गार करणं यांचा क्रम बहुतेक घरांत उलटा असतो.

हा लेख दमदार रेड वाइनपुरता आहे. म्हणजे शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातींच्या द्राक्षांची वाइन किंवा दोघांचं मिश्रण, ओकच्या बॅरलमध्ये काही महिने मुरलेलं, अल्कोहोल साधारण १३.५ ते १४.५ टक्के. (द्राक्ष बागायतदार 'कॅबरनेट' म्हणतात. तुम्हीही म्हणा, कुणी हसत नाही.) दिंडोरी, निफाड, इगतपुरी किंवा अकलूज भागातल्या एखाद्या घरच्या, म्हणजे कुटुंबानेच चालवलेल्या, वाइनरीतून तुम्ही ती स्वतः विकत आणताय, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

## आधी एवढं समजून घ्या

दमदार रेडमध्ये दोन गोष्टी जास्त असतात: टॅनिन आणि अल्कोहोल. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडं ओकच्या लाकडातून येतं. जास्त उकळलेला चहा किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते, तोच हा तुरटपणा.

वाइन फार गार असली की टॅनिन टोचतं. फार गरम असली की अल्कोहोल नाकात आणि घशात जाळतं. दोन्ही ताब्यात राहतात ते तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास, आणि ही पट्टी अरुंद आहे. हलकी व्हाइट चार अंश इकडेतिकडे झाली तरी निभावते, दमदार रेड निभावत नाही.

## टप्पा १ : जाण्याची वेळ आणि तयारी

आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. लहान वाइनरीत या दिवसांत घरचे सगळे जण पहाटेपासून द्राक्षं उतरवण्यात असतात. पाहायला हा काळ सर्वांत छान, गप्पांसाठी सर्वांत वाईट. निवांत बोलून विकत घ्यायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधला आठवड्याच्या मधला दिवस निवडा. हवाही थंड असते, म्हणजे परतीच्या प्रवासाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

निघण्यापूर्वी फोन करा. चाखायला काय काय मिळेल आणि घरी न्यायला काय शिल्लक आहे, दोन्ही विचारा. लहान ठिकाणी एखादी वाइन चाखायला असते, पण विकायला संपलेली असते.

बरोबर काय घ्यायचं: झाकणाचा थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा आइसबॉक्स, दोन-तीन बर्फाच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं आणि गाडी चालवायला न पिणारा माणूस. हा शेवटचा माणूस निघण्यापूर्वीच ठरवा, तिथे पोहोचल्यावर नव्हे.

> इशारा: २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की अर्धी मुंबई नाशकात उतरते, आणि नेमका त्याच दिवशी ड्राय डे असतो. तारीख बघून निघा.

## टप्पा २ : चाखताना

अत्तर किंवा डिओ मारून जाऊ नका. पान, बडीशेप, पेपरमिंट, कडक कॉफी हे सगळं तासभर आधी बंद. वाटेत झणझणीत मिसळ खाऊन थेट चाखायला बसणं ही नाशिक सहलीतली सर्वांत लोकप्रिय चूक आहे. मिसळ परतीच्या वाटेवर खा.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा: व्हाइट, रोझे (गुलाबी वाइन), हलकी रेड, शेवटी दमदार रेड. तिथे पोहोचेपर्यंत पाच-सहा घोट झालेले असतात आणि सगळंच छान लागायला लागतं. म्हणून प्रत्येक वाइनचा एक घोट घ्या, उरलेली समोरच्या भांड्यात ओता. कुणाला वाईट वाटत नाही, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. दमदार रेड दोनदा चाखा. एकदा लगेच, मग पाणी पिऊन दहा मिनिटांनी त्याच ग्लासातली पुन्हा. दुसऱ्या घोटाला ती मऊ लागली तर या वाइनला हवा हवी आहे, हे तुम्हाला फुकटात कळलं.

घरच्या वाइनरीचा खरा फायदा असा की ओतणारा माणूस बऱ्याचदा घरचाच असतो, नाहीतर निदान तळघरात रोज वावरणारा. दादांना किंवा ताईंना हे पाच प्रश्न विचारा:

१. ही कोणत्या वर्षाच्या तोडणीची?
२. बॅरलमध्ये किती महिने होती? बॅरल नवी होती की जुनी?
३. बाटलीत कधी भरली?
४. आत्ता प्यायची की ठेवायची? ठेवायची तर किती?
५. आत्ता तुम्ही किती अंशांवर ओतताय, आणि ही बाटली कधी उघडली?

पाचवा प्रश्न जवळपास कुणी विचारत नाही, आणि घरी चव न जुळण्याचं निम्मं उत्तर त्यातच असतं. तिथे बाटली सकाळी उघडलेली असते, खोली एसीत असते आणि वाइन १७ अंशांवर असते. तुम्ही घरी ती ३१ अंशांवर, उघडल्या उघडल्या पिता. मग ती वेगळी लागणारच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'गेल्याच महिन्यात' असं आलं तर घाईने उघडू नका. नुकती बाटलीत भरलेली वाइन काही आठवडे मुकी राहते. वास येत नाही, चव तुकड्यातुकड्यात येते.

## टप्पा ३ : बाटली निवडताना

एकच वाइन दोन किंवा तीन बाटल्या घ्या, तीन वेगवेगळ्या एकेक नको. पहिल्या बाटलीवर तुम्ही चुका करणार आहात. दुसरी बाटली त्या सुधारण्यासाठी.

काउंटरवर शोभेला ठेवलेली, दिव्याखाली उभी असलेली बाटली नको म्हणा. आतल्या खोक्यातली मागा. मग पुढचं तपासा:

- बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं नाही ना? वरचं आवरण अंगठ्याने दाबून बघा.
- बुचाखालून ओघळ किंवा चिकटपणा?
- बाटली उभी धरल्यावर मानेतली पातळी बाकीच्यांएवढीच आहे ना?
- मागच्या लेबलवर तोडणीचं वर्ष आणि बाटलीत भरल्याचा महिना?

फिरकीच्या झाकणाची बाटली स्वस्तातली, हा समज सोडून द्या. आपल्या हवेत अशा झाकणाची दमदार रेड मी आनंदाने घेतो. बूच कोरडं पडण्याची, फुगण्याची, कुजकट वास लागण्याची कटकटच नाही.

पक्कं बिल घ्या आणि प्रवासात हाताशी ठेवा. महाराष्ट्रात बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचाही मिळतो.

> इशारा: नाशिकला आलोच आहोत तर सापुतारा करून जाऊ, असा बेत असेल तर आधी सापुतारा करा, मग वाइनरी. सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. विदर्भात जाणाऱ्यांनी वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतली दारूबंदी लक्षात ठेवावी. बाटलीवर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असं छापलेलं असेल तर परराज्यात नेताना तिथले नियम आधी बघा.

## टप्पा ४ : घरी आणणं

सर्वांत जास्त बाटल्या इथे मरतात.

मीही मारल्या आहेत. एका एप्रिलमध्ये सहा बाटल्या डिकीत टाकल्या, इगतपुरीला जेवायला थांबलो, गाडी उन्हात. दीड तासाने डिकी उघडली तेव्हा बाटल्या हाताला चटका देत होत्या. दोघींचं बूच दोन मिलिमीटर वर आलेलं. घरी सगळ्यांची चव एकच होती, शिजवलेल्या मनुकांची. सहा बाटल्यांची किंमत विचारू नका, बायकोला अजून सांगितलेली नाही.

बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात आतून ५० अंशांच्या पुढे जाते. गरम झाली की वाइन फुगते आणि बुचाला ढकलते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढते. झालेलं नुकसान फ्रिजमध्ये ठेवून भरून निघत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. खरेदी सहलीच्या शेवटी करा. दोन वाइनरी, गंगापूर धरण, त्र्यंबक असा बेत असेल तर बाटल्या शेवटच्या थांब्यावर घ्या. आधी घ्यावीच लागली तर 'जाताना उचलतो' म्हणून तिथेच ठेवून द्या. घरच्या वाइनरीत याला नाही म्हणत नाहीत.
२. बाटल्या डिकीत नको, प्रवाशांच्या भागात ठेवा, पुढच्या सीटच्या मागे पायाशी. तिथे एसीची हवा पोहोचते.
३. आइसबॉक्समध्ये प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी ठेवा. बर्फाच्या पिशव्या बाजूला किंवा वर, काचेला थेट टेकून नको. वाइन गोठवायची नाहीये, तापण्यापासून वाचवायची आहे.
४. चहाला थांबलात तर सावलीत गाडी लावा आणि वीस मिनिटांत निघा. जेवायला थांबलात तर आइसबॉक्स उचलून हॉटेलात न्या. लोक बघतात, बघू देत.
५. मार्च ते जून शक्यतो सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर निघा.

विमानाने जाणार असाल तर बाटल्या चेक-इन सामानात, टॉवेलमध्ये आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध.

तपासणी: घरी पोहोचल्यावर बाटली हातात धरा. हाताला उबदार लागली तर त्या बाटल्या आधी संपवायच्या, ठेवणीत घालायच्या नाहीत. बूच वर आलं असेल तर याच आठवड्यात उघडा.

## टप्पा ५ : घरी ठेवणं

प्रवासाने हललेली बाटली निदान आठवडाभर स्वस्थ राहू द्या. आल्या रात्री पाहुण्यांसमोर उघडण्याचा मोह आवरा.

जागा कोणती? युरोपातलं तळघर १२-१४ अंशांवर असतं, आपल्याकडे ते नाही. म्हणून घरातली सर्वांत गार, अंधारी, न हलणारी जागा शोधा. ती बहुधा बेडरूममधल्या कपाटाचा जमिनीलगतचा कप्पा असते, आतल्या भिंतीला लागून असलेला. पश्चिमेची भिंत नको. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या कशाही.

कुठे ठेवू नये ते जास्त महत्त्वाचं: माळ्यावर नको, वरच्या मजल्यावर तर अजिबात नको, कारण स्लॅबची सगळी ऊब तिथेच साठते. फ्रिजच्या डोक्यावर, इन्व्हर्टरजवळ, गॅसच्या ओट्याखाली नको. शोकेसमध्ये टीव्हीशेजारी तर मुळीच नको. आणि ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत तिथे नको, त्या वासापुढे ओकचा सुवास उभा राहत नाही.

"फ्रिजमध्ये ठेवू का?" सहा महिन्यांसाठी नको. तिथली हवा कोरडी असते, बूच आकसतं. पण एप्रिल-मेमध्ये नागपूरला किंवा जळगावला कपाटच ३६ अंशांवर गेलं असेल तर खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज वाईट, तापलेलं कपाट त्याहून वाईट. पावसाळा लागला की बाहेर काढा.

आणि 'जेवढी जुनी तेवढी चांगली' हे सगळ्या वाइनना लागू नाही. वाइनमेकरने 'दोन-तीन वर्षांत प्या' म्हटलं असेल तर त्याचा अर्थ चांगल्या साठवणीतली दोन-तीन वर्षं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ती मुदत निम्मी धरा. मुलीच्या लग्नासाठी म्हणून पंधरा वर्षं कपाटात ठेवलेली बाटली मी पाहिली आहे. लग्न छान झालं.

## टप्पा ६ : उघडणं, आणि तेही वेळेआधी

लोक आधी गार करतात, मग उघडतात, मग हवा देत बसतात. त्या तासाभरात वाइन परत ३० अंशांवर जाते. आपल्या हवेत क्रम उलटा हवा: आधी उघडा, मग हवा द्या, मग गार करा, मग ओता.

जेवण रात्री आठला असेल तर साडेचारला बाटली उघडा. बाटली जुनी असेल, तळाशी गाळ असेल, तर आदल्या दिवशीच उभी करून ठेवा.

१. वरचं आवरण कडेच्या खालच्या खाचेत कापा, वरून नको.
२. बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा.
३. कॉर्कस्क्रूचं टोक मधोमध टेकवा, सरळ फिरवा, शेवटचा अर्धा वेढा बाहेर राहू द्या. आरपार गेलं तर बुचाचा भुगा आत पडतो.
४. सावकाश वर ओढा. 'फट्' आवाज यायलाच हवा असं काही नाही.

बूच तुटलं तर घाबरू नका. उरलेला तुकडा आत ढकला आणि स्टीलच्या स्वच्छ गाळण्यातून जगमध्ये ओता. चहाचं रोजचं गाळणं मात्र नको, त्याला वेलची-आल्याचा वास असतो.

तपासणी: आता दोन घोट ग्लासात ओता आणि हुंगा.

- ओलं पुठ्ठं, भिजून वाळलेलं वर्तमानपत्र: बूच खराब. हवा दिल्याने सुधारत नाही, उलट वास वाढतो.
- व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास: वाइन गेली.
- शिजलेले मनुके, रंगाला विटकरी झाक, बाटली मात्र नवी: उष्णता लागली. पिण्याने अपाय नाही, मजाही नाही.
- जळलेली काडी, उकडलेलं अंडं: घाबरू नका, हवा दिल्यावर हा वास बहुधा जातो.
- काचेवर साखरेसारखे खडे: ते टार्टारिक आम्लाचे क्षार, दोष नव्हे.

साडेचारला उघडण्याचा दुसरा फायदा इथे कळतो. बाटली खराब निघाली तर दुसरी उघडायला वेळ असतो. मूळ वाइनरीला फोटोसह कळवा. लहान लोक सहसा मनावर घेतात. मात्र डिकीत तापलेल्या बाटलीचं खापर त्यांच्यावर फोडू नका.

## टप्पा ७ : हवा देणं

नुसतं बूच काढून बाटली ओट्यावर उभी ठेवणं म्हणजे हवा देणं नव्हे. मानेत हवेला लागणारी वाइन रुपयाच्या नाण्याएवढी असते. तीन तास ठेवली तरी खालच्या वाइनला पत्ता लागत नाही.

डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं रुंद बुडाचं काचेचं भांडं) नसेल तर काचेचा मोठा जग पुरतो. वाइन जगमध्ये थोड्या उंचीवरून ओता, खळाळू द्या. तळाचा गाळ दिसायला लागला की थांबा. तरुण, बॅरलमधून नुकती आलेली शिराझ किंवा कॅबर्ने असेल तर पाऊण ते एक तास ठेवा. सहा-सात वर्षांची असेल तर दहा-पंधरा मिनिटं पुरे, तिचा सुवास नाजूक असतो आणि उडून जातो.

दर पंधरा मिनिटांनी चमचाभर चाखा. तुरटपणाच्या कडा बोथट झाल्या, फळाची चव पुढे आली की झालं. घड्याळापेक्षा जिभेवर विश्वास ठेवा.

मग रिकामी बाटली साध्या पाण्याने विसळा, पूर्ण निथळू द्या आणि काचेच्या किंवा स्टीलच्या नरसाळ्याने वाइन परत बाटलीत भरा. बूच लावा. आता ती गार करायला सोपी, टेबलावर सुटसुटीत, आणि पाहुण्यांना लेबलही दिसतं.

> इशारा: 'जुन्या पद्धतीने' म्हणून तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात वाइन ओतू नका. वाइन आंबट असते, धातू तिच्यात उतरतो. कल्हई केलेलं असलं तरी नको. प्लास्टिकचा जगही नको.

## टप्पा ८ : तापमान

'रूम टेंपरेचर' हा शब्द जिथे जन्मला तिथली खोली दगडी, थंड, जाडजूड भिंतींची होती. आपली खोली मे महिन्यात ३३ अंशांची असते. म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री सोडल्या तर रेड वाइन गार करावीच लागते. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

ओतताना वाइन १४-१५ अंशांवर हवी. ग्लासात ती पाच-दहा मिनिटांत १७ पर्यंत येते. १७ वर ओतली तर शेवटचे घोट २२-२३ वर जातात.

- फ्रिज: ३०-३२ अंशांच्या खोलीतली बाटली पावणेदोन ते दोन तास.
- बर्फ-पाणी: बादलीत किंवा उंच पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडलेली, पंधरा मिनिटं. नुसता बर्फ नको, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा पोहोचत नाही.
- ओलं फडकं आणि पंखा: नाशिक, पुणे, विदर्भ अशा कोरड्या हवेत चार-सहा अंश उतरवतं. मुंबई-कोकणात घामच सुकत नाही तिथे फडकं काय सुकणार.
- फ्रीझर: नको. विसराल. बाटली फुटेल.

फ्रिजमध्ये आदल्या दिवसापासून पडलेली बाटली असेल तर ती ५ अंशांवर आहे. आता टॅनिन टोचणार. तासभर आधी बाहेर काढा.

तपासणी: स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर बाटली गालाला लावा. माठातल्या पाण्याहून थोडी गार वाटली की बरोबर. कोरड्या हवेत बाहेरून थेंब टपकत असतील तर जास्त गार झाली.

ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण बर्फ वितळतो, वाइन पातळ होते आणि जे पैसे तुम्ही दाटपणासाठी दिले तेच पाण्यात जातात. बर्फ बाटलीच्या बाहेर ठेवा.

## टप्पा ९ : ओतणं

ग्लास पोटाशी रुंद, तोंडाशी अरुंद. तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा, साधारण १५० मिली. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच होतात. काठोकाठ भरला तर फिरवायला जागा नाही आणि वास साठायलाही नाही. ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास हुंगा: भांड्यांचा साबण किंवा कपाटाचा कोंदट वास आला तर गरम पाण्याने धुऊन धुतलेल्या सुती फडक्याने पुसा. ही एक खोड लावून घेतलीत तर 'वाइनला विचित्र वास येतोय' या तक्रारी पुष्कळ कमी होतील.

## टप्पा १० : ताटात काय असावं

टॅनिनला चरबी आणि प्रथिनं लागतात. ती मिळाली की ते लाळेऐवजी त्यांना चिकटतं आणि तुरटपणा विरतो. म्हणून सुकं मटण, खिमा, कलेजी, चरबीवाली चाप. खानदेशी काळ्या मसाल्याचं मटण खास, कारण भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा जळका गोडवा बॅरलच्या वासाशी जुळतो. फक्त तिखट निम्मं करा. मिरचीची आग आणि १४ टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तांबडा रस्सा असेल तर बियर आणा, ही बाटली राखून ठेवा.

शाकाहारी घरात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, तुपात परतलेले मशरूम, काळ्या वाटाण्याची दाट उसळ, जुनं कडक चीज. कोशिंबिरीचं दही वाइनला पत्र्यासारखं करतं, ती नंतर वाढा.

टाळायचं: बांगडा, सुरमई, कोळंबी. रेड वाइनमधलं लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की तोंडात धातूची, शिळ्या मासळीची चव येते. सोलकढी आणि चिंच-गुळाची आमटीही नको. पुरणपोळी, श्रीखंड यांच्याबरोबर वाइन एकदम आंबट आणि कडू लागते, कारण ताट तिच्यापेक्षा गोड झालं.

पहिला घोट नुसता नको, दोन घास पोटात गेल्यावर. आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. सकाळच्या डोकेदुखीला लोक सल्फाइटला (वाइन टिकावी म्हणून घालतात त्याला) दोष देतात, पण व्हाइटमध्ये सल्फाइट बहुधा रेडपेक्षा जास्त असतं. चौथ्या ग्लासाचा हिशेब कुणी करत नाही.

## टप्पा ११ : उरलेली बाटली

अर्धी उरली तर अर्ध्या बाटलीतच ठेवू नका, वर अर्धी हवा आहे. आधीपासून धुऊन ठेवलेल्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेडलाही फ्रिजच. तीन-चार दिवस नीट राहते. दोनदा ओतून आधीच हवा दिलेली वाइन त्याहून लवकर संपवा. पिताना अर्धा तास बाहेर काढून ठेवा. तरुण, कडक कॅबर्ने दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागली तर आश्चर्य नको, आणि पुढच्या बाटलीला हवा तासभर जास्त द्या.

पाचव्या दिवशी पिण्याजोगी नसेल, पण व्हिनेगरचा वास नसेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मटण परतताना दोन खडे टाकायचे, तळाला चिकटलेलं सगळं सुटून येतं.